तुटला तो कोणता संपर्क?

महोदय,

विमानाचा ‘संपर्क तुटला’ असे बातमीत वाचले की ज्यांचे माणूस त्या विमानात आहे त्यांच्या पोटात गोळा येतो. पण बहुतेक वेळा तुटलेले असते ते फक्त वैमानिक आणि जमिनीवरचा नियंत्रक यांच्यातले बोलणे. रडारच्या पडद्यावर विमान, त्याची उंची आणि वेग दिसतच असतो. हा फरक बातमीत लिहिला जावा, एवढ्यासाठी हे पत्र.

रेडिओ संच खरोखर बिघडणे त्या मानाने कमी. एका क्षेत्रातून दुसऱ्या क्षेत्रात जाताना नवी फ्रिक्वेन्सी मिळते, तिचा एक आकडा चुकला की विमान ‘गप्प’ होते. कधी आवाजाचे बटण खाली गेलेले असते, कधी हेडसेटची पिन सैल असते. बोलण्याचे बटण दाबलेलेच अडकले तर प्रकरण जास्त वाईट, कारण त्या फ्रिक्वेन्सीवर इतर कोणालाच नीट बोलता येत नाही. म्हणून वैमानिक आधी हे सारे तपासतो, जुन्या फ्रिक्वेन्सीवर परत जातो, दुसरा संच लावतो, मग 121.5 मेगाहर्ट्झ या आणीबाणीच्या फ्रिक्वेन्सीवर बोलतो किंवा जवळच्या दुसऱ्या विमानामार्फत निरोप धाडतो.

तरीही जमले नाही तर ट्रान्सपॉन्डरवर (रडारला विमानाची ओळख आपोआप कळवणाऱ्या यंत्रावर) 7600 हा कोड लावायचा. नियंत्रकाला पडद्यावर लगेच कळते की रेडिओ बंद आहे. (7500 अपहरणासाठी, 7700 इतर आणीबाणीसाठी.) वैमानिकाला निदान ऐकू तरी येते का, हे पाहण्यासाठी नियंत्रक म्हणतो, ‘ऐकू येत असेल तर डावीकडे वळा’, आणि पडद्यावर वळण दिसते का ते बघतो. उलट, ऐकू येत नसेल पण आपला आवाज पोहोचण्याची शक्यता असेल, तर वैमानिक प्रत्येक संदेश दोनदा उच्चारतो आणि पुढचा संदेश किती वाजता देणार तेही सांगतो.

पुढचे सगळे आंतरराष्ट्रीय नियमांत ठरलेले आहे. हवा स्वच्छ असेल तर ढगांत न शिरता जवळच्या योग्य विमानतळावर उतरायचे आणि उतरल्याचे तातडीने कळवायचे. ढगांतून, उपकरणांवर उड्डाण चालू असेल तर शेवटची दिलेली उंची आणि वेग रडारच्या क्षेत्रात 7 मिनिटे, रडार नसेल तिथे 20 मिनिटे कायम ठेवायचा. म्हणजे उड्डाण आराखड्यात 35 हजार फूट असेल, पण नियंत्रकाने 29 हजारांवर थांबवले असेल, तर ही मुदत संपेपर्यंत वर चढायचे नाही. तेवढ्या वेळात नियंत्रक वरच्या पातळीवरची विमाने बाजूला काढतो. मग आराखड्याप्रमाणे गंतव्य विमानतळाच्या दिशादर्शक केंद्रावर जायचे, लवकर पोहोचल्यास तिथेच घिरट्या घालायच्या, ठरलेल्या वेळेला उतरणे सुरू करायचे आणि शक्यतो त्यानंतर 30 मिनिटांच्या आत जमिनीवर यायचे. वैमानिक काय करणार हे नियंत्रकाला न बोलताही ठाऊक असते, म्हणून तो ती वाट मोकळी ठेवू शकतो. इथे वैमानिकाने ‘मला बरे वाटले’ म्हणून वेगळा मार्ग धरला तर धोका खरा.

विमानतळाजवळ टॉवरमधून दिवा दाखवतात. स्थिर हिरवा म्हणजे उतरा. स्थिर लाल म्हणजे दुसऱ्या विमानाला वाट द्या, घिरट्या चालू ठेवा. लुकलुकता लाल म्हणजे विमानतळ सुरक्षित नाही, उतरू नका. दिवसा पंख हलवून, रात्री लँडिंग लाइट दोनदा उघडझाप करून वैमानिक ‘समजले’ असे कळवतो.

सर्वात अवघड वेळ येते ती आपण संपर्काबाहेर आहोत हेच वैमानिकाला कळले नाही तर. मग 7600 लागत नाही आणि खालच्यांना हेतू कळत नाही. 16 फेब्रुवारी 2017 रोजी मुंबईहून लंडनला निघालेल्या जेट एअरवेजच्या विमानाशी जर्मनीवर संपर्क होईना, तेव्हा जर्मन हवाई दलाची लढाऊ विमाने त्याच्याजवळ गेली. संपर्क पुन्हा जुळला आणि विमान लंडनला सुखरूप उतरले.

म्हणून आपल्या वार्ताहरांना विनंती: अशी बातमी आली की आधी दोन गोष्टी विचाराव्यात. विमान रडारवर दिसत होते का? ट्रान्सपॉन्डरवर कोणता कोड होता? उत्तर मिळाले तर ते बातमीच्या पहिल्याच वाक्यात द्यावे. मिळाले नाही, तर ‘रेडिओ संपर्क होत नाही’ एवढेच छापावे, ‘विमान बेपत्ता’ असे नको.

– एक निवृत्त हवाई वाहतूक नियंत्रक, विलेपार्ले