देवाशी भांडलात तरी चालेल, बाबा

प्रिय आई-बाबा, सलाम.

आई फोनवर म्हणाली की चर्चच्या मंडळीतले ते भाऊ परत प्रार्थनेला येऊन गेले आणि जाताना बाबांना म्हणाले, विश्वास पुरता असता तर डायलिसिस केव्हाच सुटलं असतं. आई, तू चहा दिलास ते ठीक गं, पण पुढच्या वेळी असलं बोलणं दारातच थांबव. बाबा तेव्हापासून गप्पच आहेत म्हणे, जेवणाआधीची प्रार्थनासुद्धा तूच करतेस. फोनवर मला हे बोलता येत नाही, मध्येच रडू येतं, म्हणून लिहितेय.

बाबा, संडेस्कूलमध्ये बायबलमधला ईयोब तुम्हीच शिकवायचात ना, काही दोष नसताना मुलंबाळं, धन, तब्येत सगळं गेलेला. मित्र भेटायला आले, सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसले, आणि मला विचाराल तर त्यांचं तेवढंच काम धड झालं, तोंड उघडलं आणि सगळा घोळ, तू काहीतरी पाप केलं असशील म्हणून हे तुझ्यावर आलं वगैरे. ईयोब तर जन्मलेल्या दिवसालाच शाप देतो, देवाकडे जाबच मागतो. आणि ४२ व्या अध्यायात देव चिडतो कोणावर? अलीफज आणि त्याच्या दोन मित्रांवर! ईयोब माझ्याविषयी नीट बोलला, तुम्ही नाही, असं त्यांना सांगतो. दुःख का आलं ते मात्र ईयोबालाही शेवटपर्यंत सांगत नाही, हे मला अजूनही पचत नाही.

प्रेषित पौलाचंही तेच. शरीरातला काटा काढ म्हणून तीनदा विनवणी केली, काटा तिथेच, उत्तर काय तर माझी कृपा तुला पुरे. आता पौलाचा विश्वास कमी पडला असं म्हणायची हिंमत आहे का त्या भाऊंची?

आणि पंडिता रमाबाई. आपण पुण्याला येताना गाडीतून त्यांच्या मुक्ती मिशनचं केडगाव लागतं (नगरजवळचं नाही, दौंडच्या पुढचं) तेव्हा तुम्ही दर वेळी खिडकीतून दाखवायचात. आई-वडील दुष्काळात गेले, १८८० ला भाऊ, १८८२ ला नवरा कॉलऱ्याने. ख्रिस्ती झाल्यावर तरी सुटका? १९२१ ला एकुलती एक मनोरमा गेली, आणि पुढच्या एप्रिलमध्ये त्या स्वतः. त्या शेवटच्या वर्षांतही बायबलच्या भाषांतराचं काम सोडलं नाही त्यांनी. आता यांचाही विश्वास मोजायचा का?

तुम्ही गप्प आहात याचीच मला काळजी वाटते, चिडलात तर उलट बरं वाटेल. प्रार्थना सुचत नसेल तर ८८ वं स्तोत्र वाचा, बहुतेक स्तोत्रं रडगाणं गाऊन शेवटी स्तुतीवर येतात, हे येतच नाही, अंधारातच संपतं, तरी बोलणं सगळं देवाशीच चाललंय. माझ्या मते विश्वास म्हणजे तेवढंच, पाठ फिरवायची नाही, मग भांडा हवं तेवढं.

बाकी, भेटायला येणारे शहाळी आणतात ती बाबांना देऊ नकोस आई, डॉक्टरांनी पोटॅशियमचं बजावलंय ना, आणि पाणी मोजूनच. शनिवारी मी येतेय, त्या दिवशी डायलिसिसला बाबांसोबत मी बसेन, तू जरा झोप काढ.

तुमची,
बेबी