बाइंडिंगवाल्या काकांना, शेजारच्या छापखान्यातून

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

हे पत्र तुमच्या हातात देता आलं असतं, पण आपल्या पेठेतल्या बाकीच्या दुकानदारांनीही ते वाचावं म्हणून उघड लिहिते आहे. दुपारी एक ते चार बंद राहणाऱ्या दुकानांवरून ज्या गावाची एवढी चेष्टा होते, तिथे धंदा करणाऱ्या बाईला सुट्टी घ्यायला शेजाऱ्यांनी शिकवलं, यावर लोक हसतील. हसू देत.

बाबांनंतर छापखाना माझ्याकडे आला आणि सुट्टीचा विषय निघाला की माझं उत्तर ठरलेलं असायचं, ‘हातातली कामं संपली की बघू.’ तुम्ही त्यावर कधी उपदेश केला नाहीत. एवढंच म्हणालात, ‘जुनी बिलबुकं काढ.’

ती दुपार मला फार आवडली. तुम्ही चष्मा पुसत तारखा वाचत होतात आणि मी कॅलेंडरवर खुणा करत होते. जूनमध्ये शाळा नि क्लासची कामं. मग गणपती मंडळांची वर्गणीची पावतीपुस्तकं, पाठोपाठ अहवाल. तुळशीच्या लग्नानंतर पत्रिका. डिसेंबरात कॅलेंडरं, मार्चअखेर नवी बिलबुकं. आणि दरवर्षी एकच पट्टा जवळजवळ कोरा, अनंत चतुर्दशी ते घटस्थापना. पितृपक्षात कुणी नव्या दुकानाची कार्डं टाकत नाही, की लग्नपत्रिकेचा मजकूर घेऊन येत नाही. (दिवाळी अंक छापणाऱ्यांनी हे वाचून माझ्यावर चिडू नये. त्यांना तेव्हाच श्वास घ्यायला फुरसत नसते. माझं काम जॉबचं, म्हणजे पावत्या, कार्डं, पत्रिका असं सुटं.) रिकामे दिवस आधीपासून तिथेच होते. मी ते दुकान उघडं ठेवून गिऱ्हाइकाची वाट बघण्यात घालवत होते.

२०२५ मध्ये पितृपक्ष ८ ते २१ सप्टेंबर होता. तुम्ही मला जुलैतच पाटी लावायला लावलीत, अगदी तुमच्या दुकानावर लागते तशी. ‘आषाढी वारी. दुकान द्वादशीनंतर उघडेल.’ ऐन वह्यांच्या सीझनमध्येही ती पाटी लागते आणि गिऱ्हाईक कुरकुरत का होईना, आपलं काम आधी आणून टाकतं, हे मी लहानपणापासून बघत आले होते. तरी आपल्या दारावर तशी पाटी लावायला हात धजेना. लावली, आणि खरंच, दवाखान्याचे केसपेपर, हार्डवेअरवाल्याची नंबरिंगची पुस्तकं, सगळं ऑगस्टमध्येच येऊन पडलं.

पैशाचं तुम्ही फार बोलला नाहीत, पण जे बोललात ते पक्कं होतं. मशीनमनचा पगार कापायचा नाही, ही तुमची अट. तो पगार, भाडं आणि लाइट बिल एवढ्यापुरती आरडी मी आदल्या दिवाळीपासून भरत होते. सरकारी तारखा सीएला विचारून घेतल्या. मी तेव्हा आयकराच्या ४४एडी कलमाखाली (छोट्या धंद्याचा नफा अंदाजाने धरून कर) असल्यामुळे आगाऊ कर एकदाच, १५ मार्चपर्यंत, म्हणजे १५ सप्टेंबरची चिंता नव्हती. जीएसटीचं विवरण तिमाही, त्यामुळे ऑगस्टचं चलन तेवढं २५ सप्टेंबरच्या आत भरायचं होतं. ते आधीच भरून टाकलं. मशीनमनने मशीनचे रोलर नि रबरी ब्लँकेट धुतले, ठेवणीतल्या छपाईच्या प्लेटा खराब होऊ नयेत म्हणून त्यांना गम लावला आणि किल्ली तुमच्याकडे आली.

मधे काय झालं ते तुम्ही मला घटस्थापनेलाच सांगितलंत, आणि त्याबद्दल खरे आभार. एक जुनं गिऱ्हाईक घरातलं माणूस गेल्याचं पत्र छापायला आलं होतं. असं काम थांबत नाही, ‘दसऱ्यानंतर या’ म्हणता येत नाही. तुम्ही ते गल्लीच्या टोकाच्या छापखान्यातून करून घेतलंत, प्रूफ स्वतः वाचलंत, कापून-मोजून त्यांच्या घरी पोचवलंत आणि मला फोन केला नाहीत. गिऱ्हाईक दुसरीकडे गेलं की गेलंच, ही माझी भीती. ते गृहस्थ दिवाळीआधी लेटरहेडसाठी माझ्याकडेच आले.

कुठे गेलीस, असं सगळे विचारतात. कुठेच नाही. सकाळी पर्वती, दुपारी झोप, संध्याकाळी आईशी पत्ते. फोन पूर्ण बंद ठेव, हे तुमचं म्हणणं मात्र मी ऐकलं नाही. रात्री जेवणानंतर मेसेज बघत होते आणि पुढेही बघणार आहे. तुमच्या वारीत तुम्हाला बघायला मेसेजच नसतात, काका, इथे फरक आहे. २२ सप्टेंबरला, ऐन घटस्थापनेला, जीएसटीचे नवे दर लागू झाले, ते सुट्टीत कळलं म्हणून तर पहिल्या दिवशी बिलं बरोबर फाडता आली.

२०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आहे, म्हणून सगळंच पुढे सरकलंय. पितृपक्ष २७ सप्टेंबर ते १० ऑक्टोबर. तो माझ्या बिलांच्या तळाशी आत्ताच छापून ठेवलाय. आणि आषाढी २५ जुलैला. तेव्हा तुमची किल्ली माझ्याकडे. अर्धवट बांधलेल्या वह्यांचे गठ्ठे कुणाचे, कुणाकडून किती यायचे, हे सगळं निघण्याआधी कागदावर लिहून द्या. तोंडी सांगितलेलं चालणार नाही, आणि जरा सुवाच्य लिहा.

तुमची,
शेजारच्या छापखान्यातली