डॅशबोर्डला करवत लावू देऊ नकोस

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

पत्र मिळालं, तुझ्या जुन्या गाडीच्या डॅशबोर्डचा फोटोही पाहिला. तुझा कारागीर म्हणतो, थोडा पत्रा कापला की नवा रेडिओ बसतो. बसेल की! पण इंजिन उघडून परत जोडता येतं, सीट पुन्हा शिवता येते, कापलेला पत्रा मात्र पूर्वीसारखा होत नाही. भरून रंगवला तरी जाणत्या माणसाची नजर तिथेच अडते. तेव्हा आधी त्याला थांबव.

तुझ्या डॅशबोर्डात मधे डायलची खिडकी आणि दोन्ही अंगांना नॉबच्या दांड्यांची भोकं. आजच्या रेडिओचं तोंड 180 बाय 50 मिलिमीटर असतं. ते माप जर्मनीत 1984 साली ठरलं आणि तुझी गाडी पन्नासच्या दशकातली. मेळ बसणार कसा? दांड्यांमधलं अंतर कमीजास्त करता येणारे नवे रेडिओही मिळतात, न कापता बसतातही. पण त्या मंद पिवळ्या डायलच्या जागी झगझगीत आकडे मला तरी बघवणार नाहीत.

मी विचारीन तो प्रश्न वेगळाच. जुना रेडिओ वाजतो का? वाजत नसेल तर त्याच्या पोटात नवं सर्किट बसवून घे. हे काम करणारे लोक आहेत. तेच नॉब, तोच काटा, आत एफएम आणि ब्लूटूथ. काढलेले भाग मात्र डब्यात भरून परत माग. वाजत असेल तर त्याला हात लावू नकोस. व्हॉल्व्ह, म्हणजे आतल्या काचेच्या नळ्या, तापेपर्यंत वाट बघायची आणि मग आवाज हळूहळू वर येतो, ही गंमत नव्यात नाही. अशा वेळी ग्लोव्हबॉक्सच्या मागे ब्लूटूथचा छोटा अॅम्प्लिफायर दडवायचा, गाणी फोनवरून.

आता खरी मेख. तुझी गाडी ब्रिटिश, म्हणजे बॅटरीचा प्लस बॉडीला असण्याची शक्यता दाट. नव्या उपकरणाची पेटी मायनसला जोडलेली असते. ती डॅशबोर्डच्या पत्र्याला टेकली की शॉर्ट. एरियलच्या वायरचं बाहेरचं आवरणही तोच घोटाळा करतं. गाडीचीच प्लस-मायनस उलटवता येते, पण मग इग्निशन कॉइलच्या बारीक वायरी आणि अॅमीटरच्या वायरी अदलाबदल करायच्या, बॅटरी चार्ज करणाऱ्या डायनामोला नवी दिशा द्यायची. एका गाण्यासाठी एवढा खटाटोप कशाला? आतलं-बाहेरचं कनेक्शन पूर्ण वेगळं ठेवणारा, म्हणजे आयसोलेटेड, कन्व्हर्टर (व्होल्टेज बदलून देणारी डबी) मधे टाक. साधा चालणार नाही, दुकानदार काहीही म्हणो. आणि बॅटरी 6 व्होल्टची की 12ची हे आधी मीटर लावून बघ, त्यावरच कन्व्हर्टर ठरेल.

करंट इग्निशन स्विचमागून घे, मधे फ्यूज घाल. तुझी गाडी आठवडेच्या आठवडे उभी असते. कायम जोडलेली वायर हळूहळू बॅटरी पिऊन टाकेल. आयडलिंगला डायनामो जवळजवळ काहीच देत नाही, म्हणून मोठ्या वॉटच्या मोहात पडू नकोस.

जाळीमागे स्पीकर एकच आहे ना? त्याला नुसती डावी बाजू जोडलीस तर निम्मी वाद्यं गायब. डावी-उजवी एकत्र पिळून जोडलीस तर अॅम्प्लिफायर जळण्याची भीती. यावर नामी उपाय म्हणजे एकाच पडद्यावर (कोनवर) दोन कॉइल असलेला स्पीकर, एका भोकातून दोन्ही बाजू. जुन्या स्पीकरची एक वायर बहुधा बॉडीला असेल, ती वापरू नकोस. नव्या अॅम्प्लिफायरच्या स्पीकर वायरी बॉडीला लागता कामा नयेत, तेव्हा प्रत्येक कॉइलला दोन नव्या वायरी ओढ.

इंजिनाच्या वेगाबरोबर स्पीकरमधली टकटक वाढली तर स्पार्क प्लगच्या वायरी रेझिस्टन्सवाल्या घाल आणि इग्निशन कॉइलच्या स्विचकडच्या टोकाला सप्रेसर, म्हणजे असा आवाज दाबणारा, कपॅसिटर लाव. बारीक शिट्टी आली तर संशयित डायनामो.

बॅटरी काढल्याशिवाय डॅशबोर्डमागे हात घालू नकोस. जाळीमागचा स्पीकर लंबगोल असेल, त्याची लांबी-रुंदी आणि मागे वायपरच्या दांड्यांपर्यंत उरणारी खोली मोजून कळव. माप आलं की स्पीकर कुठला घ्यायचा ते लिहितो. वहिनींना नमस्कार.

तुझा,
विनय