यंदा येणं होणार नाही

ती. आई-बाबांस,
सा. नमस्कार.

फोनवर बोलायला गेले की आईचा आवाज ऐकून माझा धीर सुटतो, म्हणून लिहितेय. मी कॉलेजातली वेल्डिंग शिकवायची नोकरी सोडत नाहीये. मला बोलावणाऱ्या कंपनीचा पगार बराच जास्त होता, तरी त्यांना नकार कळवला. त्यामुळे यंदा डिसेंबरात येणं होणार नाही. उन्हाळ्यात येईन, नक्की.

बाबा, अमेरिकेतल्या कॉलेजला पैशाची चणचण कशी, असं तुम्हाला वाटेल. मोठ्या विद्यापीठांकडे देणग्यांचे भरभक्कम निधी असतात. आमच्यासारखी कम्युनिटी आणि टेक्निकल कॉलेजं, म्हणजे कमी फीत छोटे, कामधंद्याचे अभ्यासक्रम शिकवणारी स्थानिक कॉलेजं, सरकारी अनुदान, मालमत्ता करातला वाटा आणि फी यांवर चालतात. मंदी आली की माणसं शिकायला धावतात आणि नेमकं तेव्हाच राज्य हात आखडतं. 2008 नंतर तेच झालं. नोकऱ्या मुबलक असल्या की वर्ग रिकामे, म्हणजे फी कमी. करोनात विद्यार्थी घटले. केंद्राने 2020-21 मध्ये मदत दिली, पण ती तेवढ्यापुरतीच होती. त्यात वेल्डिंगला यंत्रं, गॅस, लोखंड लागतं, एका शिक्षकाकडे मुलं मोजकीच ठेवावी लागतात, आणि फी इतिहासाच्या वर्गाहून फार जास्त लावता येत नाही. मग कात्री आधी आमच्यावरच.

आम्ही काही जणांनी तास कमी करून घेतले, म्हणून संध्याकाळची तुकडी टिकली. दिवसभर राबून येणारी माणसं आहेत ती, दुसरीकडे कुठे जातील? बाबा, तुमचं आयटीआयचं वर्कशॉप मला आठवतं. तुम्हाला हे पटेल असं वाटतं. आई, तू रागावू नकोस गं.

माझं व्यवस्थित चाललंय. आरोग्य विमा सुरू आहे, घर उबदार आहे, जेवण वेळेवर होतं. वर्कशॉपमध्ये शिरले की अजून बाबांच्या खाकी शर्टाचा वास येतो आणि त्यांच्या खांद्यावर झोपून घरी यावंसं वाटतं.

आता ऐका. आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन माझ्यासाठी थांबवायचं नाही. पैसे वेगळे ठेवलेत, तास कमी झाले तरी त्याला धक्का नाही. बाबा, बीपीची गोळी बरं वाटलं म्हणून बंद करायची नाही, आणि माळ्यावर चढायचं नाही, कितीही महत्त्वाचं सामान असलं तरी. दादाला बोलवा. डॉक्टरांनी तारीख दिली की त्याच दिवशी मला कळवा. त्या आठवड्यात मी रोज रात्री जागी राहीन.

तुमची,
सोनू