बाथच्या बागांनाही वारशाचा मान हवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

इंग्लंडमधील बाथ हे शहर १९८७ पासून जागतिक वारसा यादीत आहे. पण त्याचे कौतुक बहुधा दगडी दर्शनी भागांपाशीच थांबते आणि त्यांच्यामागील बागा दुर्लक्षित राहतात, याची मनापासून खंत वाटते. 'द सर्कस' या वर्तुळाकार वसाहतीतील ४ क्रमांकाच्या घरामागे १९८० च्या दशकात पुरातत्त्वीय उत्खनन झाले, तेव्हा नंतरच्या काळातील मातीच्या थरांखाली अठराव्या शतकातील बागेचा मूळ आराखडाच हाती लागला. त्यात हिरवळ नव्हतीच. मधल्या रेषेवर फुलांचे वाफे आणि सभोवती चिकणमातीत दाबून बसवलेली खडी, अशी ती बाग मुख्यतः घराच्या खिडक्यांतून पाहण्यासाठी आखलेली होती. (हिरवळ राखणे सोपे करणारे गवत कापण्याचे यंत्र १८३० मध्ये आले, हे येथे ध्यानात घ्यावे.) त्या आराखड्याबरहुकूम ती पुन्हा उभारण्यात आली, हे फार मोलाचे काम झाले.

पुढच्या काळात बाथमधीलच बाथविक टेकडीच्या उतारावर हेन्री गुडरिज या वास्तुविशारदाने इटालियन धाटणीचे बंगले बांधले. तेथे बाग घराच्या मागे न राहता चहूबाजूंनी पसरली.

अशा बागा बुजवून तेथे वाहनतळ किंवा वाढीव खोल्या झाल्या, तर दर्शनी भिंत शाबूत राहूनही घराची मूळ रचना हरवते. म्हणून वारसा-संरक्षणाच्या प्रत्येक परवानगीत मागील अंगणाचाही स्वतंत्र विचार व्हावा, असे मला आग्रहाने वाटते.

आपला,
एक वाचक