आप्पा पायलट नव्हते

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

आप्पा आजोबांच्या वर्षश्राद्धाला वाटायच्या पुस्तिकेचा मजकूर वाचला. बाबा, छान लिहिलंय तुम्ही. फक्त पहिल्या पानावर ‘लढाऊ वैमानिक’ छापू नका. हवाई दलातला प्रत्येक माणूस विमानच चालवतो असं गावाला वाटतं, ते वाटू दे. आप्पा आर्मामेंट फिटर, म्हणजे विमानाची शस्त्रं भरणारे आणि नीट ठेवणारे तंत्रज्ञ होते, सार्जंट म्हणून निवृत्त झाले. तेच लिहा आणि कामही नीट सांगा.

काम नॅट या छोट्या लढाऊ विमानाच्या गनचं. नॅट एवढं बुटकं की शिडीशिवाय बहुतेक ठिकाणी हात पोचायचा. हवा आत घेणाऱ्या दोन्ही तोंडांशी एकेक ३० मिलिमीटरची एडन गन, प्रत्येकीला ११५ राउंड (काडतुसं). मिनिटाला १२०० चा वेग धरला तर साठा सहा सेकंदांच्या आत खलास. त्यामुळे बेल्ट, म्हणजे राउंडचा पट्टा, भरण्यात चूक चालत नाही. राउंड लिंकांनी, म्हणजे धातूच्या कड्यांनी, एकमेकांना जोडलेले असतात. एखादी लिंक जरा तिरकी बसली किंवा बेल्टला पीळ राहिला, तर जमिनीवर उभ्या विमानात ते कळत नाही. वर गेल्यावर विमान जोरात वळतं, बेल्ट पाच-सहापट जड होतो, नेमका तेव्हा तो ओढला जात नाही आणि गन जॅम. १९६५ च्या लढाईत नॅटच्या गन जॅम होण्याचा त्रास खरोखरच झाला होता. म्हणून प्रत्येक लिंक बोटाने चाचपायची. (आई, तांदूळ निवडताना आप्पांचा अंगठा कसा चालायचा, आठव.) काम झालं की फॉर्म ७०० वर, म्हणजे विमानाच्या देखभालीच्या नोंदवहीत, सही. वैमानिक आधी त्या सह्या बघतो, मग स्वतः सही करून विमान ताब्यात घेतो. ‘शूर’, ‘पराक्रमी’ ही विशेषणं काढून तिथे या सहीबद्दल दोन ओळी घाला.

आता तुम्ही लिहिलेली बोयऱ्याची हवाई चकमक. २२ नोव्हेंबर १९७१ ची ती चकमक नॅटचीच, पण पूर्वेकडची. आप्पांच्या पदकांत पूर्व आघाडीचा ‘पूर्वी स्टार’ नाही, पश्चिम आघाडीचा ‘पश्चिमी स्टार’ आहे. तेव्हा बोयऱ्याचा परिच्छेद काढावा लागेल. रक्षा पदक १९६५ च्या वेळी आणि संग्राम पदक १९७१ च्या वेळी सेवेत असलेल्या सगळ्यांनाच मिळालं. १९६५ चा समर सेवा स्टार आणि १९७१ चा पश्चिमी स्टार मात्र प्रत्यक्ष मोहिमेच्या क्षेत्रात असलेल्यांचे. दोन्ही युद्धांत आप्पा आघाडीकडच्या तळांवर होते, हे त्यावरून ठामपणे लिहिता येतं. तळाचं नाव डिस्चार्ज बुकात (निवृत्तीवेळी मिळालेल्या सेवेच्या नोंदींच्या पुस्तकात) सापडलं तरच घाला, अंदाजाने नको.

पदकांना पितांबरी किंवा चिंच अजिबात लावू नका. कडेवर सर्व्हिस नंबर, हुद्दा आणि नाव बारीक अक्षरांत कोरलेलं असतं, ते घासून जातं. कोरड्या सुती कापडाने धूळ टिपा, बस. कडेचा फोटो तिरप्या उजेडात घ्या म्हणजे अक्षरं उठून दिसतील.

कॉकपिटमधल्या फोटोमुळेच पायलटचा घोटाळा झाला असणार. तपासणीसाठी ग्राउंड क्रूलाही आत बसावं लागतंच. बाकीच्या फोटोंत बाही बघा: दोन पट्ट्या म्हणजे कॉर्पोरल, तीन म्हणजे सार्जंट. अधिकाऱ्यांचा हुद्दा बहुतेकदा खांद्यावर असतो. यावरून फोटोंचा क्रम लागेल. चिकट पानांच्या अल्बममधून फोटो ओढू नका, दात साफ करायचा दोरा मागून करवतीसारखा हळू सरकवा. ६०० डीपीआयला स्कॅन करा, नावं मागे मऊ पेन्सिलीने लिहा. बॉलपेनचा वळ पुढे उमटतो. लॅमिनेशन तर नकोच.

निवृत्तीनंतरची चाळीसेक वर्षं तुम्ही चार ओळींत आटोपली आहेत. ती हवाई दलातल्या वर्षांच्या दुप्पट भरतात! माजी सैनिकांच्या विधवांचे अर्ज भरून जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नेणं, हे त्यांचं दुसरं आयुष्यच होतं. त्याला एक पान द्या.

त्यांचं हे काम आता घरातच अडलंय. आजीला ८० पूर्ण झाली की कुटुंब निवृत्तिवेतनात २० टक्के वाढ मिळते, ८५ ला ती ३० टक्के होते, ९० ला ४०. बहुतेकदा अडतं ते जन्मतारखेवर: पीपीओत (पेन्शनच्या मंजुरी आदेशात) ती नसते, नाहीतर आधारवर वेगळी असते. दोन्ही कागद शेजारी ठेवून या आठवड्यातच बघा.

आणि बाबा, माळ्यावरची काळी ट्रंक त्या दिवसासाठी रंगवून घेणार असं आई म्हणाली. नका रंगवू. झाकणावर पांढऱ्या रंगात सर्व्हिस नंबर आहे आणि त्याखाली एकावर एक लिहिलेली बदलीच्या ठिकाणांची नावं. वरचं खरवडू नका, नुसता फोटो काढून पाठवा. डिस्चार्ज बुकाशी ताडून बघते, मगच तळांची यादी छापू.

तुमची,
ताई