बाईच विसरली तर?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीत मध्यंतरी अतिचंचल मुलांवर एक लेख आला होता. चांगला होता, मी कापूनही ठेवला. (कुठे ठेवला ते सापडत नाही.) लेखाच्या शेवटी लिहिले होते की, बऱ्याच मुलांची चंचलता वयाबरोबर ओसरते. पळापळ ओसरते हे खरे आहे. बाकीचे कुठे जाते यावर लेखात काही नव्हते. ते बाकीचे अंगावर घेऊन मी पंचेचाळीस वर्षांची झाले, म्हणून हे पत्र.

मी कराडला एका पतसंस्थेत लिपिक आहे. तीन वर्षांपूर्वी पुण्याच्या मानसोपचारतज्ज्ञांनी मला एडीएचडी (लक्ष टिकवणे आणि स्वतःला आवरणे अवघड जाण्याचा, लहानपणापासूनचा विकार) असल्याचे सांगितले. त्याआधी सहा वर्षे मी नैराश्याच्या गोळ्या घेत होते. नैराश्य खोटे नव्हते. पण रोज चार गोष्टी विसरून चार जणांची बोलणी खाणाऱ्या माणसाला दुसरे काय होणार? मराठीत याला 'अतिचंचलता' म्हणतात, तिथेच पहिला घोटाळा होतो. बाहेरून बघाल तर मी ठोकळ्यासारखी बसलेली असते. धावपळ सगळी डोक्यात चालू असते.

निदान म्हणजे मोबाइलवर सहा प्रश्नांवर टिकमार्क केले आणि झाले, असे आता पुष्कळांना वाटते. ती सहा प्रश्नांची चाळणी जागतिक आरोग्य संघटनेची आहे, पण ती चाळणीच. त्यावर निदान होत नाही. डॉक्टरांनी आधी थायरॉइड तपासले, झोप विचारली, चिंता आणि नैराश्य यांचा हिशेब वेगळा काढला. डीएसएम-५ या २०१३ च्या अमेरिकी निदान-पुस्तिकेतल्या निकषांप्रमाणे मोठ्या माणसात नऊपैकी पाच लक्षणे पुरतात, मुलांमध्ये सहा लागतात. पण वयाच्या बाराव्या वर्षाआधी त्यांतली काही दिसलेली असली पाहिजेत, आणि त्यांचा त्रास एका ठिकाणी नव्हे, घरी आणि कामावर दोन्हीकडे झाला पाहिजे. म्हणून माझ्या आईला बोलावले. आईने सांगितले, ही चौथीत असताना दळणाचा डबा गिरणीत ठेवून हात हलवत घरी आली होती आणि डबा कुठे म्हटल्यावर 'कसला डबा?' असे हिनेच उलट विचारले. डॉक्टर हसले नाहीत, लिहून घेत राहिले. मला रडू आले, कारण त्या डब्यावरून मी तीस-बत्तीस वर्षांत कितीदा टोमणे ऐकले होते आणि पहिल्यांदाच कोणी तो पुरावा म्हणून घेत होते.

'हल्ली सगळ्यांनाच असते हो, मीपण किल्ल्या विसरतो,' असे म्हणणाऱ्यांशी मी भांडत नाही. पाऊस सगळ्यांच्याच घरावर पडतो. आमचे पत्रे फुटके आहेत, एवढाच फरक.

बाईच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, ती डॉक्टरांच्या फॉर्मात नसते. आपल्याकडे घराची सगळी आठवण बाईच्या डोक्यात ठेवलेली असते. गॅस नोंदवायचा, सासऱ्यांची बीपीची गोळी संपत आली, संकष्टी बुधवारी की गुरुवारी, नणंदेच्या मुलीच्या बारशाला काय दिले होते, धाकट्याच्या सहलीचे पैसे, कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या. पुरुष विसरला तर 'कामाच्या व्यापात असतो बिचारा'. बाई विसरली तर तिला घराची काळजी नाही. मी 'आरंभशूर' होते, 'धांदरट' होते, 'वेंधळी' होते. लग्नानंतर 'माहेरी काही शिकवले नाही' हे त्यात मिळाले. ते लपवायला मी रात्री अकरा वाजता उद्याची भाजी चिरून ठेवायचे, फाइली घरी आणायचे, बस सुटू नये म्हणून तासभर आधी स्टँडवर जाऊन बसायचे. लोकांना वाटे, किती वक्तशीर! शाळेत ज्या मुली वर्गात धिंगाणा घालत नाहीत, खिडकीतून बाहेर बघत गप्प बसतात, त्या मास्तरांच्या नजरेतून सुटतात. पुढे त्यांना चाळिशीत कळते, तेही बहुधा पोराचे निदान झाले की. माझे तसे नाही झाले. माझ्या हातून एका ठेवीदाराच्या मुदतठेवीचे नूतनीकरण दोनदा राहिले आणि साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावले, तेव्हा मी स्वतःच डॉक्टर शोधला.

औषधाआधी थेरपीबद्दल लिहिते, कारण त्याबद्दल गैरसमज जास्त आहेत. मला वाटले होते, कोचावर बसवून बालपणाबद्दल विचारतील. आमच्या थेरपिस्ट ताईंनी पहिल्याच दिवशी माझी पर्स रिकामी करायला लावली. सीबीटी (विचार आणि सवयी बदलण्याची उपचारपद्धती) म्हणतात त्यातलाच हा मोठ्या माणसांच्या एडीएचडीसाठी बेतलेला प्रकार. 'लक्ष दे', 'शिस्त लाव' असले त्यात काही नाही. काय करायला हवे हे मला कळत होतेच, ते हातून घडत नव्हते. ताईंचे सूत्र एकच, लक्षात ठेवायचे ते डोक्याबाहेर ठेवायचे. एकच वही, दोन नाहीत. मोबाइलच्या गजराला नाव द्यायचे, कारण नुसता गजर वाजला की मी तो बंद करते आणि कशाचा होता ते विसरते. किल्लीला दारामागचा एकच खिळा. 'वार्षिक अहवाल करणे' हे काम वहीत लिहायचेच नाही. 'अहवालाची फाइल उघडणे' एवढेच लिहायचे. आणि वेळ. माझ्या डोक्यात 'आत्ता' आणि 'नंतर' एवढे दोनच तास आहेत, म्हणून काट्यांचे मोठे घड्याळ समोरच्या भिंतीवर लावले. मोबाइलवरच्या आकड्यांतून वेळ सरकताना दिसत नाही, काट्यांतून दिसते.

हे सगळे बघून सासूबाई म्हणाल्या, 'आम्ही पदराला गाठ मारायचो, तसंच की हे.' मला वाटते, तीन वर्षांत माझा आजार सर्वांत नेमका त्यांनाच कळला.

यातली सर्वांत उपयोगी गोष्ट फुकटातली निघाली. कोणी नुसते शेजारी बसलेले असले की माझ्या हातून काम होते. इंग्रजीत याला बॉडी डबलिंग म्हणतात. आपल्या बायका मेथी निवडायला, शेवया करायला एकमेकींच्या ओसरीवर जाऊन बसतात, त्याला कोणी नाव दिलेले नाही इतकेच. आमच्या शेजारच्या काकू शनिवारी दुपारी भाजी निवडायला माझ्याकडे येतात आणि मी समोर कागदपत्रे घेऊन बसते. त्या काही विचारत नाहीत, मदत करत नाहीत. बसतात. हे पत्रही गेले तीन शनिवार त्यांच्यासमोरच चालले आहे.

माझे पती एका सत्राला आले होते. त्यांनी तिथे विचारले, 'मग वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवायला बसली की दोन तास हलत नाही, ते कसं?' योग्यच प्रश्न होता. ताई म्हणाल्या, लक्ष नसते असे नाही, ते हवे तिथे वळवता येत नाही. त्या दिवसापासून गॅस आणि विजेचे बिल त्यांनी स्वतःकडे घेतले. 'साधी गोष्ट लक्षात राहत नाही?' हे वाक्य मात्र अजून अधूनमधून येते.

आता औषध. मिथाइलफेनिडेट नावाचे औषध एडीएचडीत अनेक वर्षे वापरात आहे. मेंदूतल्या डोपामिनसारख्या रसायनांवर त्याचे काम चालते. मला त्याचा उपयोग झाला. भूक थोडी कमी झाली, रक्तदाब आणि नाडी अधूनमधून तपासावी लागते. त्याचा गैरवापर होऊ शकतो म्हणून कायद्यात ते 'शेड्यूल एक्स'मध्ये आहे. म्हणजे चिठ्ठी दोन प्रतींत लागते, त्यातली एक दुकानदाराने दोन वर्षे जपून ठेवायची आणि त्यासाठी त्याच्याकडे वेगळा परवाना हवा. इतक्या कटकटीत कोणता दुकानदार पडेल? आमच्या इथे मला ते मिळाले नाही. मी महिन्यातून एकदा रजा टाकून एसटीने स्वारगेटला उतरते, जाऊन-येऊन तीनशेच्या वर किलोमीटर. (२०२३ पासून बायकांना अर्धे तिकीट आहे, तेवढाच दिलासा.) व्हिडिओवर डॉक्टरांशी बोलून चिठ्ठी घ्यावी म्हटले, तर मार्च २०२० च्या टेलिमेडिसिनच्या मार्गदर्शक सूचनांनुसार शेड्यूल एक्समधली औषधे तशी लिहून देता येत नाहीत.

हा नियम ज्यांनी केला त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण त्याचा अर्थ काय होतो बघा. ज्या माणसाचा आजारच वेळेवर काही न होण्याचा आहे, त्याने दर महिन्याला ठरल्या दिवशी रजा मंजूर करून घ्यायची, भेटीची वेळ पाळायची, दोन्ही प्रती सांभाळायच्या, गोळ्या संपण्याच्या आत दुकान गाठायचे, आणि दुकानात माल नसला तर हे सगळे पुन्हा. हे ज्याला नीट जमते त्याला त्या गोळीची गरज तरी किती असेल? गेल्या वर्षी मी चिठ्ठी बसच्या जाळीवरच्या पिशवीत विसरले आणि बस पुढे निघून गेली. अकरा दिवस गोळी नव्हती. अ‍ॅटोमॉक्सेटिन हे दुसरे औषध साध्या चिठ्ठीवर मिळते, ते मी आधी घेऊन पाहिले होते. परिणाम दिसायला काही आठवडे जातात आणि मला त्याने सकाळभर मळमळत असे. दुसऱ्या कोणाला तेच लागू पडेल, हा ज्याच्या-त्याच्या डॉक्टरचा विषय. निदान इतके करता येईल की, ज्या रुग्णाची प्रत्यक्ष तपासणी झाली आहे आणि औषध ठरलेले आहे, त्याला मधले दोन-तीन महिने व्हिडिओवर चिठ्ठी द्यावी आणि जिल्हा रुग्णालयाच्या औषध खिडकीवर ते औषध ठेवावे. नोंद हवी तेवढी कडक ठेवा.

कायद्याचे मी थोडक्यात सांगते, कारण त्यात सांगण्यासारखे फार नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकार आहेत. अध्ययन अक्षमता आहे, स्वमग्नता आहे, एडीएचडीचे नाव नाही. मला प्रमाणपत्राची हौस नाही. साहेबांनी काम तोंडी न सांगता चिठ्ठीवर द्यावे एवढीच माझी मागणी होती, पण ती कशाच्या आधारावर करायची हे सांगता येत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजार शारीरिक आजाराप्रमाणेच धरायला लावले आहे. छान. पण आमचा खर्च सगळा बाह्यरुग्ण खिडकीवरचा. विसरले म्हणून कोणी कोणाला दवाखान्यात भरती करत नाही, आणि भरती झाल्याशिवाय बहुतेक पॉलिसी एक रुपया देत नाहीत. थेरपीच्या एका सत्राला मी बाराशे रुपये देत होते, सोळा सत्रांनंतर थांबले. गरज संपली म्हणून नव्हे.

मोठ्या माणसांत हे प्रमाण अडीच टक्क्यांच्या आसपास असल्याचे जगभरच्या अभ्यासांवरून सांगतात. २०२४ च्या विधानसभेला आपल्या राज्यात ९ कोटी ७० लाख मतदार होते. अडीच टक्क्यांनी चोवीस लाखांच्या वर जातात. हिशेब ढोबळ आहे, निम्मा करा हवा तर. बारा लाख माणसे 'आळशी' म्हणून नोकऱ्या बदलत फिरत असतील तर त्यांचे काय करायचे?

सरकारची टेली-मानस ही मानसिक आरोग्यासाठी १४४१६ क्रमांकाची फोन सेवा आहे, तिथे मराठीत बोलता येते आणि जीव घाबरा झाला असेल तेव्हा ती जरूर वापरावी. मला हवे आहे ते याहून साधे आणि जास्त चिवट: 'गेल्या आठवड्यात म्हणालात ती फाइल उघडली का?' असे दर आठवड्याला विचारणारी चार माणसे, माझ्या भाषेत. मला इंटरनेटवर गट सापडले ते इंग्रजीतले, रात्री नऊला सुरू होणारे, ज्या वेळी माझी भांडी पडलेली असतात. हे आपल्याकडे होऊ शकत नाही असे नाही. पुण्याच्या मुक्तांगणने १९८६ पासून व्यसनमुक्त माणसांना गटाच्या आधारानेच उभे ठेवले, त्यांच्या बायकांसाठी 'सहचरी' गट चालवला. एकाच दुखण्याची माणसे गोल करून बसली की काय होते, हे महाराष्ट्राला समजावून सांगायची गरज नाही.

म्हणून आम्ही सुरुवात केली आहे. गावातल्या एका वाचनालयाने महिन्याच्या दुसऱ्या आणि चौथ्या रविवारी चार ते सहा या वेळेत वरची खोली दिली आहे. पहिल्या वेळी तिघे होतो: मी, एक रिक्षाचालक आणि एक निवृत्त ग्रामसेवक. चौथा माणूस सोमवारी येऊन कुलूप बघून गेला. औषधांचा सल्ला तिथे कोणी कोणाला देत नाही. प्रत्येकाने आपले एक रखडलेले काम आणायचे आणि इतरांसमोर बसून करायचे, एवढाच कार्यक्रम. ग्रामसेवकांनी पेन्शनचा हयातीचा दाखला भरला, मी ठेवीच्या पावत्या लावल्या. रिक्षावाल्या दादांनी नुसते बोलून घेतले, त्यांच्या बायकोलाही पुढच्या वेळी यायचे आहे.

कराड, सातारा, सांगलीकडच्या कोणाला यायचे असेल तर त्यांनी आपल्या कार्यालयाच्या पत्त्यावर दोन ओळी लिहाव्यात. त्या माझ्यापर्यंत पोचवण्याची तसदी आपण घ्याल का? आणि कळवलेल्या माणसाला आदल्या दिवशी फोन करून आठवण देण्याचे काम शेजारच्या काकूंनी घेतले आहे. मी घेतलेले नाही.

आपली,
एक वाचक, कराड
(पतसंस्थेतील नोकरीमुळे नाव छापू नये, ही विनंती.)